बॅज कुणाच्या नावाचा?

परवा बसस्टँडवर एका गृहस्थांनी मला थांबवलं. त्यांच्या आईचा एक्स-रे मी काढला होता, तेवढीच ओळख. "मॅडम, पोरगं बारावी सायन्स झालंय. एक्स-रेच्या कोर्सला घालू का? नोकरी लागते का?" सरकारी रुग्णालयात चोवीस वर्षं हेच काम करते आहे, तरी 'लागते' असं झटकन तोंडातून निघेना.

काम भरपूर आहे. मी लागले तेव्हा डार्करूममध्ये फिल्म धुवायची आणि क्लिपला टांगून वाळवायची. आता तालुक्याच्या गावीही सीटी स्कॅन दिसतो. रात्री दोनला अपघाताचा पेशंट आला, तर पुण्या-मुंबईत बसलेले रेडिओलॉजिस्ट स्क्रीनवर बघून रिपोर्ट पाठवतात. पण पेशंटपाशी असतो तो टेक्निशियन. मान हलू न देता त्याला टेबलावर घेणं, कण्हणाऱ्या माणसाकडून 'श्वास घ्या, धरा' एवढं करून घेणं, बाई असेल तर दिवस गेलेत का हे आधी विचारणं, ही कामं पुण्याहून होत नाहीत.

मग एवढी गरज असताना आमची पोरं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, बारा-बारा तास का राबतात?

माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा एका खासगी सेंटरला लागला. दिवाळीत भेटायला आला, तेव्हा सहज विचारलं, "बॅज लावतोस ना रे?" म्हणाला, "ड्रॉवरमध्ये असतो, मॅडम. पण तो आधीच्या टेक्निशियनच्या नावाचा आहे." माझ्या पोटात गोळाच आला.

हा टीएलडी बॅज छातीवर, लेड अ‍ॅप्रनच्या आत लावायचा असतो. त्यात तीन छोट्या चकत्या असतात. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि अंगावर किती रेडिएशन आलं ते कळतं. कुठल्याही एका वर्षात 30 मिलिसीव्हर्टच्या वर जाता कामा नये, पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 च्या आत हवी. ज्याच्या नावाचा बॅज, त्याच्या नावावर हा हिशेब कायमचा राहतो. या पोराने वर्षभर जे अंगावर घेतलं त्याची नोंदच नाही. उद्या तब्येतीचं काही झालं तर दाखवायला कागद नाही, आणि दुसरीकडे अर्ज केला तर इथे काम केल्याचा पुरावाही नाही.

नियम नाहीत असं नाही. मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. त्यासाठी रीतसर शिकलेला माणूस आणि त्याचा बॅज दाखवावा लागतो. म्हणजे प्रत्येक परवान्यामागे निदान एक खरीखुरी नोकरी असायला हवी. तपासणी नेटाने झाली, तर कितीतरी मुलांच्या हाताला हक्काचं काम मिळेल. 2021 साली संसदेने आमच्या शिक्षणासाठी आणि नोंदणीसाठी कायदाही केला. माझी मागणी साधी आहे : ज्या कागदावर मशीनचा निधी मंजूर होतो, त्याच कागदावर ते चालवणाऱ्याचं कायमचं पद मंजूर करा.

त्या गृहस्थांना मी म्हणाले, घाला. पण सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला नको. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी आहे, तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, तिथे रोज पेशंट येतात का, हे स्वतः जाऊन बघा. पेशंटविना हे काम हातात बसत नाही. मुलगा मायाळू असेल तर रेडिओथेरपीचाही विचार करा. तिथे कॅन्सरचा तोच पेशंट रोज, कधी पाच-सहा आठवडे, आपल्याच हाताने टेबलावर घ्यायचा असतो. आणि नोकरीच्या मुलाखतीला गेला की पगाराच्या आधी त्याने विचारायचं, "माझ्या नावाचा बॅज कधी येईल?"

माझ्या त्या विद्यार्थ्याने दिवाळीनंतर मालकांना हेच विचारलं. त्यांनी त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला. बॅज अजून आलेला नाही. दर रविवारी मी त्याला फोन करते.