शांत सभागृहाचे कौतुक पुरे!

दिवाळीच्या फराळाला चार सद्गृहस्थ जमले आणि चकलीबरोबर राजकारण निघाले, की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘संसदेत नुसता गोंधळ, त्यापेक्षा ती बंद केलेली बरी!’ खासबागेच्या मैदानात घसा बसेस्तोवर ओरडणाऱ्या आम्हां कोल्हापूरकरांना आरडाओरड्याचे वावडे केव्हापासून झाले, देव जाणे!

सभागृह शांत म्हणजे ते स्थिर, असा या मंडळींचा समज. आमचे म्हणणे नेमके उलट आहे.

१५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेचा सभापती निवडायचा होता. काँग्रेसचे बहुमत प्रचंड. दादासाहेब मावळंकर येणार हे शाळकरी पोरालाही ठाऊक. तरी विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांना उभे केलेच. मते पडली ३९४ आणि ५५. हा खटाटोप व्यर्थ होता काय? मुळीच नाही. सभापतिपद ही सरकारने द्यावयाची बक्षिसी नव्हे, ते सभागृहाकडून मागून घ्यावे लागते, हे पहिल्याच आठवड्यात ठरून गेले. मावळंकरही असे, की ऊठसूट वटहुकूम काढणे लोकशाहीला शोभत नाही, हे त्यांनी खुद्द नेहरूंना पत्राने सुनावले. १९५४ च्या डिसेंबरात त्यांच्याविरुद्धच ठराव आला, त्यावर चर्चा झाली, तो फेटाळला गेला. आकाश कोसळले नाही.

पुढे मुंबईचा प्रश्न पेटला. १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि आपली कैफियत लोकसभेतच उभे राहून मांडली. दिल्लीवर चिडलेल्या कोल्हापूरने १९५७ साली बहिष्काराची भाषा केली नाही. आपली माणसे दिल्लीला धाडली. १ मे १९६० चे महाराष्ट्र राज्य संसदेच्याच कायद्याने झाले. (कागल ओलांडून निपाणीत शिरले, की त्या कायद्याने काय राहून गेले तेही दिसते.) पण लोकांच्या रागाला आत शिरायला दार होते. संसद रुजली ती या दाराने.

आता आजचे पाहा. पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली. २०१९ ते २०२४ ची सतरावी अवघे २७४ दिवस. उपसभापती निवडावा असे घटनेचे ९३ वे कलम सांगते. त्या पाच वर्षांत तो निवडलाच गेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, आणि त्याच अधिवेशनात सबंध फौजदारी कायदा बदलणारी तीन विधेयके कशी बिनबोभाट संमत झाली!

विरोधकांनाही आम्ही सोडणार नाही. फलक नाचविणे म्हणजे वाद नव्हे. २०१० चे हिवाळी अधिवेशन स्पेक्ट्रमच्या चौकशीपायी जवळजवळ सारे वाया गेले. ते रोखणारेच पुढे सत्तेवर आले आणि त्यांना शिस्तीची महती कळली.

तेव्हा फराळाच्या ताटावरून कोणी म्हणाले, ‘अमुक विधेयक तासाभरात संमत झाले, याला म्हणतात कामकाज!’ तर त्या गृहस्थांना आणखी एक करंजी वाढा आणि विचारा : समोरच्या बाकांवर त्या वेळी कितीजण होते हो?