कायदा घरोघरी : पाहुण्याचा पाय घसरला तर?

गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या आमच्या विहीणबाई जिन्यावरून पडल्या. मनगट मोडले. तिसरी पायरी खिळखिळी आहे हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक. त्यांना सांगायचे तेवढे राहून गेले. "माझेच लक्ष नव्हते हो," असे त्या बिचाऱ्या म्हणाल्या. कायदा मात्र तसे म्हणत नाही.

लंडनच्या एका साखर कारखान्यात गॅसचे यंत्र तपासायला आलेला कारागीर कठडा नसलेल्या भोकातून खाली पडला. १८६६ साली निकाल लागला : कामानिमित्त येणाऱ्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. गंमत पुढेच आहे. साबणाची वडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला हे संरक्षण मिळाले. आग्रहाने जेवायला बोलावलेला पाहुणा मात्र खालच्या पंगतीला! त्याने घर आहे तसे पत्करायचे. यजमानावर बंधन एवढेच, की आपल्याला ठाऊक असलेला छुपा धोका त्याला सांगावा.

इंग्लंडने १९५७ च्या कायद्याने हा पंक्तिप्रपंच मोडला. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. न्यायालये मुख्यतः इंग्रजी तत्त्वांचाच आधार घेतात. पण आमचा बचाव जुन्या नियमानेही होत नाही. पायरी हलते हे माहीत होते ना? होते! (चाळीतला सामाईक जिना मालकाच्या ताब्यात असेल, तर जबाबदारी सहसा त्याची, खोलीतल्या फरशीची तुमची.)

विहीणबाईंनी दावा लावला नाही. प्लास्टरचा खर्च आम्ही दिला. सुतार आला तो पाडव्याला.