तिशी उलटलेला गडी

फुटबॉल हा शब्द कानी पडताच आपल्या गोमंतकातील मुलांच्या डोळ्यांपुढे भातकापणीनंतरचे मोकळे शेत आणि त्यात अनवाणी पायांनी चेंडू लाथाडीत धावणारी पोरे उभी राहतात. अमेरिकेतील लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो, तो बहुधा हाताने फेकावयाचा किंवा बगलेत धरून पळावयाचा असतो, आणि चेंडू नेणाऱ्याच्या अंगावर पडून त्याला लोळविणे हा त्या खेळात अपराध नसून कर्तव्य आहे. या खेळाचा नाद लागलेला एक विद्यार्थी आमच्या दहावीच्या वर्गात आहे. त्याने एके दिवशी मला विचारले, "सर, तिकडे तीस वर्षांच्या गड्याला म्हातारा समजून कोणी संघात घेत नाही. हे बरोबरच ना?" प्रश्न विचारताना त्याची दृष्टी माझ्या विरळ होत चाललेल्या केसांकडे होती असा मला दाट संशय आहे. त्याला तेव्हा दिलेले उत्तर तोकडे पडले, म्हणून येथे ते सविस्तर लिहीत आहे.

त्याचा रोख 'रनिंग बॅक' या गड्याकडे होता. संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे सरकावयाचे असते, आणि चेंडू बगलेत घेऊन समोरच्या भिंतीत शिरण्याचे काम मुख्यतः याचे. आपल्या हुतुतूतील चढाई करणारा गडी डोळ्यांसमोर आणावा. फरक इतकाच की हुतुतूत सुटून मागे यावयाचे असते आणि येथे पुढेच घुसावयाचे असते. समोरच्या फळीतील कित्येक गडी सव्वाशे किलोंहून अधिक वजनाचे. बहुतेक प्रयत्नांच्या शेवटी ते याला जमिनीवर आदळणार हे ठरलेलेच. प्रमुख गड्याच्या वाट्याला एका हंगामात असे तीनशे प्रयत्न येतात. तेव्हा तिशीच्या आतच त्याचे गुडघे आणि घोटे बोलू लागले तर नवल नाही.

अशा गड्याला नव्या संघाने पैसे मोजून का घ्यावे? संघात जागा त्रेपन्न, आणि वेतनावरील एकूण खर्चाला १९९४ पासून मर्यादा घातलेली. एका वृद्ध गड्याची जागा म्हणजे एका तरुणाची हुकलेली जागा. सर्वसाधारणपणे हा हिशेब चुकीचा नाही, आणि त्याचे सर्वांत कटु उदाहरण फ्रँको हॅरिस याचे होय.

पिट्सबर्गच्या संघाला चार वेळा अजिंक्यपद मिळाले त्यात हॅरिसचा वाटा फार मोठा होता. १९८३ च्या अखेरीस त्याच्या नावावर ११,९५० यार्ड होते आणि जिम ब्राउनचा उच्चांक होता १२,३१२. (ब्राउन तिशीच्या उंबरठ्यावर, ऐन बहरात स्वतः होऊन निवृत्त झाला होता, पण त्याच्यासाठी चित्रपटसृष्टीचे दार उघडे होते, हेही विसरू नये.) १९८४ मध्ये वेतनावरून वाद होऊन पिट्सबर्गने हॅरिसला मोकळे केले. तिकडे सिअॅटलच्या संघातील कर्ट वॉर्नर हा तरुण गडी पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बसला. सिअॅटलने चौतीस वर्षांच्या हॅरिसला पाचारण केले. आठ सामने, अडुसष्ट प्रयत्न आणि केवळ १७० यार्ड! त्याच ऑक्टोबरात शिकागोच्या वॉल्टर पेटनने ब्राउनचा उच्चांक मोडलाही. हंगाम अर्धा सरतो न सरतो तोच सिअॅटलने हॅरिसला निरोप दिला, आणि त्या वर्षी सोळांपैकी बारा सामने जिंकले. हॅरिसची मजल १२,१२० वर थांबली, ब्राउनपेक्षा १९२ यार्ड मागे.

हे वाचून कोणीही म्हणेल की म्हातारा गडी घेऊच नये. परंतु माझ्या मते सिअॅटलची चूक गड्याचे वय पाहण्यात झाली नाही, काम वाटण्यात झाली. त्यांना हवा होता वॉर्नरच्या जागी दुसरा वॉर्नर. चौतीस वर्षांच्या माणसाकडून चोवीस वर्षांच्या पायांची अपेक्षा करावयाची आणि ती फसली की वयाला बोल लावावयाचा, हा न्याय नव्हे.

आता मार्कस अॅलनचे पाहा. लॉस एंजेलिसच्या 'रेडर्स' संघाने त्याला अखेरची काही वर्षे बहुतांशी बाकावर बसविले होते. १९९३ मध्ये तो कॅन्सस सिटीस गेला तेव्हा त्याचे वय तेहतीस. तेथे त्याने त्या हंगामात ७६४ यार्डच काढले; आकडा डोळे दिपविणारा मुळीच नाही. पण शेवटची रेषा दोन-तीन यार्डांवर आली, समोर भिंत दाटली, की चेंडू त्याच्या हाती येई. अशा धावांतून त्याने बारा वेळा रेषा ओलांडली. त्याचा संघ त्या वर्षी अजिंक्यपदाच्या सामन्यापासून एकच पायरी दूर राहिला. लांब पळणे कमी झाले होते, पण फट कोठे आणि केव्हा उघडणार याची जाण वाढली होती, आणि ती जाण ज्या ठिकाणी उपयोगी तेथेच त्याला उभे करण्यात आले. तो १९९७ पर्यंत खेळला.

एमिट स्मिथची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. पेटनला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर गेल्यानंतर काही महिन्यांतच, २००३ च्या प्रारंभी, डॅलसने त्याला सोडले. अॅरिझोनाने त्याला घेतले ते तिकिटे खपावीत म्हणून, असे पुष्कळांनी म्हटले. पहिल्या वर्षी खांद्याचे हाड मोडून २५६ यार्डांवर समाधान मानावे लागले. दुसऱ्या वर्षी, पस्तिसाव्या वर्षी, त्याने ९३७ यार्ड काढले. सोळांपैकी सहाच सामने जिंकणाऱ्या संघासाठी!

आणखी एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्याच्या हिशेबात नव्हती. नव्या गड्याला पहिली चार वर्षे एकाच संघाशी बांधून घेतात, आणि २०११ पासून त्याचे वेतन ठरीव कोष्टकाने ठरते. म्हणजे ज्या वर्षांत तो सर्वांत अधिक धावतो त्या वर्षांत त्याला स्वतःचे मोल मागता येत नाही. मागता येईल तेव्हा लोक म्हणतात, हा झिजला. झिजविले कोणी? हा प्रश्न विचारल्यावाचून वयाची चर्चा करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

तथापि दुसरी बाजूही मी झाकून ठेवणार नाही. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते हे आज कोणी नाकारीत नाही. तिशीनंतर आणखी तीनशे आदळणी सोसावयाची की नाही, हे गड्याने ठरवावे. परंतु त्याला सल्ला देणारा वैद्य तरी संघाच्या पगारावरचा नसावा.

आता ताजे उदाहरण. टेनेसीच्या डेरिक हेन्रीने २०२० मध्ये २,०२७ यार्ड काढले, पुढच्या वर्षी पायाचे हाड मोडून घेतले, आणि मार्च २०२४ मध्ये तीस वर्षे पूर्ण झालेला हा गडी बाल्टिमोरने दोन वर्षांसाठी एक कोटी साठ लक्ष डॉलरना घेतला. बाल्टिमोरचा चेंडू फेकणारा गडी, लमार जॅक्सन, स्वतःच इतका चपळ धावतो की प्रतिस्पर्ध्यांना एक डोळा सतत त्याच्यावर ठेवावा लागतो. त्या क्षणभराच्या दुचित्तेपणात हेन्रीसारख्या धिप्पाड गड्याला वाट मिळाली. त्याने ३२५ प्रयत्नांत १,९२१ यार्ड काढले आणि सोळा वेळा शेवटची रेषा ओलांडली. अजिंक्यपद मात्र मिळाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये बफेलोने बाल्टिमोरला २७-२५ असे हरविले. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात संघाने त्याच्याशी आणखी दोन वर्षांचा करार केला.

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला वाचून दाखविले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, हेन्रीमुळे ज्या नव्या पोराला संघात जागा मिळाली नाही, त्याचे काय?" त्यावर आमचा वाद अद्याप चालू आहे.