जोखमीचा हिशेब शिकताना



‘जोखीम’ हा शब्द व्यापारी घराण्यांना नवा नाही. पूर्वीच्या पेढ्यांवर दर्शनी आणि मुदती हुंड्यांबरोबर ‘जोखमी हुंडी’ही चालत असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. वाटेत तारू बुडाले तर हुंडीही बुडाली. काय बिघडू शकते, बिघडण्याचा संभव किती आणि बिघडल्यास कोणी किती सोसावयाचे, हा विचार त्या एका कागदात सामावलेला होता. आज हाच विचार रसायनांच्या बाबतीत करणारे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे. त्यास रासायनिक जोखीम-मूल्यांकन म्हणतात. या विषयाची पदव्युत्तर पदवी घरी राहून, ऑनलाइन घेता येते. रसायनशास्त्र शिकलेली कन्या, सून अथवा पुत्र ज्या घरात आहे, त्या घराने या वाटेचा विचार अवश्य करावा, असे वाटते. म्हणून या वेळचे लेखन त्यासाठी.

प्रथम या शास्त्राचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध, ते पाहू. सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याची सूचना बेल्जियमने दिली. पाठोपाठ अनेक देशांनी तो तीळ वापरून केलेले पाव आणि बिस्किटे दुकानांतून परत बोलावली. इथिलीन ऑक्साइड हा वायू जंतुनाशासाठी वापरला जातो. साल्मोनेलासारखे रोगजंतू त्याने मरतात. परंतु तो कर्करोगकारकही आहे. युरोपीय संघाने तिळासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ठेवली आहे. अमेरिकेत मात्र त्याच तिळासाठी किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत मुभा होती. म्हणजे एकशे चाळीस पटींचे अंतर. एकच पोते एका बंदरात उतरते आणि दुसऱ्या बंदरातून परत फिरते, असा याचा अर्थ.

रेणू तोच, तीळही तोच. मग निर्णय दोन का? युरोपाची भूमिका अशी की, जे द्रव्य पेशीतील आनुवंशिक घटकांनाच इजा करते, त्याची निर्धोक अशी मात्रा मानता येत नाही; म्हणून मोजता येईल तितक्या अल्प अंशावरच मर्यादा बांधावी. अमेरिकेने जंतुनाशाचा उपयोग मान्य करून उरणाऱ्या अंशाला सीमा घातली. दोन्ही निर्णयांच्या मुळाशी जोखमीचे मूल्यांकन आणि त्यावर उभे राहिलेले धोरण आहे. ज्या निर्यातदाराच्या घरात हे कागद वाचणारे कोणी होते, त्याला वाऱ्याची दिशा आधी कळली असणार. इतरांना ती परत आलेल्या मालावरून कळली.

या शास्त्राची घडी १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने एका अहवालात घालून दिली. त्याच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून त्यास ‘लाल पुस्तक’ म्हणण्याची रीत आहे. त्यात चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, द्रव्यात कोणता धोका आहे ते ओळखणे. दुसरी, किती मात्रेस किती परिणाम होतो ते ठरविणे. तिसरी, माणसापर्यंत ते द्रव्य प्रत्यक्षात किती आणि कोणत्या वाटेने पोहोचते ते मोजणे. चौथी, या तिन्हींची सांगड घालून जोखीम किती ते मांडणे. यातील धोका आणि जोखीम हा भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. घट्ट बुचाच्या बाटलीतील तीव्र आम्लाचा धोका बूच उघडल्याने वाढत नाही, कारण तो त्याचा अंगभूत गुण आहे; वाढते ती जोखीम.

दुसऱ्या पायरीचा हिशेब तर आपल्या वाचकांना सहज उमगेल. समजा, प्राण्यांवरील अभ्यासात शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ५० मिलिग्रॅम मात्रेपर्यंत कोणताही अपाय दिसला नाही. प्राण्यावरून माणसावर येताना तिला दहाने भागतात. माणसामाणसांत बालक, वृद्ध, गर्भवती असा फरक असतो, म्हणून पुन्हा दहाने भागतात. उरले अर्धा मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस तीस मिलिग्रॅम ही झाली रोजची स्वीकार्य मात्रा. सावकारीत तारण घेताना मालाची पूर्ण किंमत धरीत नाहीत, काही गाळा सोडतात; तसाच हा गाळा मनुष्यदेहासाठी सोडलेला असतो.

या ज्ञानाची निकड कायद्यांनीही वाढविली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हा रुग्णांनी भरलेल्या इस्पितळांतील डॉक्टरांपाशी त्या वायूची आणि त्यावरील उपचारांची पुरेशी माहिती नव्हती. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८९ मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांचे नियम आले. युरोपात ‘रीच’ नावाचा कायदा १ जून २००७ पासून लागू आहे. वर्षाकाठी एक टन वा अधिक रसायन तेथे जाणार असेल तर त्याची नोंदणी लागते. युरोपाबाहेरील उत्पादकास ती करावयाची तर तेथे अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. रंग, मध्यवर्ती रसायने, सुगंधी द्रव्ये, मसाले, कापड यांपैकी कोणताही व्यापार असो, हा विषय दारातून आत आलेलाच आहे. प्रश्न एवढाच की, तो समजणारी व्यक्ती आपण बाहेरून भाड्याने आणावयाची की घरात घडवावयाची.

आता अभ्यासक्रमाविषयी. प्रयोगशाळेविना विज्ञानाची पदवी कशी, अशी शंका वडीलधाऱ्यांना येते आणि ती रास्त आहे. परंतु जोखीम-मूल्यांकन हे मुख्यतः अभ्यासिकेतले काम आहे. इतरांनी केलेल्या प्रयोगांचे अहवाल तपासणे, आकडे पारखणे, संगणकीय प्रतिमाने वापरणे आणि निष्कर्ष लिहिणे, हे त्याचे स्वरूप. म्हणून ते दूरस्थ पद्धतीस मानवते. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठासारख्या संस्था विषशास्त्राशी निगडित पदव्युत्तर शिक्षण ऑनलाइन देतात. विषयाचे नाव ठिकठिकाणी वेगळे असते. म्हणून नावावर न जाता विषशास्त्र, संख्याशास्त्र, संपर्क-मापन आणि नियमन हे चारही भाग शिकवितात की नाही, ते पाहावे.

अर्ज कोणी करावा? रसायनशास्त्र, जीवशास्त्र, औषधनिर्माण अथवा रासायनिक अभियांत्रिकीची पदवी हवी आणि आकड्यांचा कंटाळा नसावा. केवळ नावापुढे परदेशी अक्षरे लावण्याची हौस असेल तर हा खर्च करू नये. आवड खरी आहे की नाही, याची परीक्षा फुकट घेता येते. गोदामातील एका पिंपाचे सुरक्षा माहितीपत्रक काढावे. त्याचे सोळा विभाग ठरलेले असतात: दुसऱ्यात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात हाताळणी व साठवण, आठव्यात संपर्क-नियंत्रण आणि हातमोजे-मुखपट्टीसारखी साधने, अकराव्यात विषशास्त्रीय माहिती. मग तेच रसायन हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेच्या खुल्या माहितीकोशात शोधून दोहोंची तुलना करावी. रात्री जागून हे काम करताना जिला वेळेचे भान राहिले नाही, तिने खुशाल अर्ज करावा.

अर्जातील कागदांची तयारी सहा महिने आधी सुरू करावी. विद्यापीठाकडून मोहोरबंद गुणपत्रके मिळण्यास अनेकदा आठवडे लागतात. विवाहित भगिनींच्या बाबतीत गुणपत्रकावर माहेरचे आणि पारपत्रावर सासरचे नाव असते. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला वा राजपत्रातील नावबदल जवळ ठेवावा. इंग्रजीची परीक्षा लागते की माध्यमाचा दाखला चालतो, ते आधीच विचारून घ्यावे. हेतुनिवेदनात बालपणीच्या ओढीचे वर्णन टाळावे. त्याऐवजी प्रत्यक्ष प्रश्न मांडावा: आमच्या दुकानात अमुक रंगद्रव्य सुट्या पुड्यांतून विकले जाते, पुडी बांधणाऱ्याच्या श्वासातून किती धूळ जाते हे मला मोजावयाचे आहे. अशा एका वाक्याने निवड समितीस जे कळते, ते विशेषणांच्या रांगेने कळत नाही.

शिफारसपत्रांच्या ठिकाणी आपली घराणी विशेष अडतात. पेढीचे मालक सासरे अथवा वडील असतात, आणि नातलगांचे पत्र बहुधा ग्राह्य धरले जात नाही. म्हणून एक पत्र जुन्या प्राध्यापकांचे आणि दुसरे पेढीबाहेरील व्यक्तीचे घ्यावे. माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख किंवा खरेदीदार कंपनीचे गुणवत्ता अधिकारी यांचे पत्र उत्तम.

येथेच एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अनेक घरांत सून वर्षानुवर्षे पेढीचे काम पाहते. मालाची आवक, प्रयोगशाळेचे अहवाल, निर्यातीचे कागद सारे तिच्या हातून जाते. परंतु तिचे नाव ना पगारपत्रकात असते, ना भागीदारीच्या करारात. अर्जात जेव्हा कामाच्या अनुभवाचा रकाना येतो, तेव्हा तिने दहा वर्षे केलेले काम लिहिण्यास आधारच सापडत नाही. हा दोष तिचा नव्हे. वहीत ज्याची नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही, हे आपणच जगास शिकविले आहे. म्हणून ज्या घरास हा अर्ज करावयाचा आहे, त्याने आजपासून तिला हुद्दा द्यावा, वेतन बँकेतून द्यावे आणि तिच्या सहीची पत्रे जाऊ द्यावीत. पुढे प्रवेश मिळो अथवा न मिळो, ही नोंद योग्यच ठरेल.

वेळेचा हिशेबही कुटुंबाने एकत्र बसून करावा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सायंकाळी सहाचा वर्ग आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेतीनला आणि हिवाळ्यात साडेचारला येतो. युरोपातील तोच वर्ग उन्हाळ्यात रात्री साडेनऊला व हिवाळ्यात साडेदहाला पडतो. पुष्कळ व्याख्याने मुद्रित स्वरूपात सवडीने ऐकता येतात. परंतु परीक्षा ठरल्या वेळीच द्याव्या लागतात. एका विषयास आठवड्याचे आठ-दहा तास धरून चालावे आणि सत्रात एकाच विषयाने आरंभ करावा. ते तास कोठून येणार, स्वयंपाकघरातून की दुकानातून, आणि त्या वेळचे काम कोण उचलणार, याचे उत्तर फी भरण्यापूर्वी मिळाले पाहिजे. पहाटे वर्गास बसलेल्या व्यक्तीने सहा वाजता सर्वांचा चहाही ठेवावा, अशी अपेक्षा असेल तर तो प्रवेश पहिल्याच सत्रात सुटतो.

पैशाविषयी दोन शब्द. जाहिरातीतील फी पाहू नये. एकूण किती श्रेयांक आणि प्रत्येकी किती शुल्क, असा गुणाकार करावा. परदेशस्थ विद्यार्थ्यास दर वेगळा आहे का, तेही विचारावे. परदेशी पैसे पाठविताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची वार्षिक अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि ठरावीक रकमेवर बँक कर गोळा करते. तो कर आपल्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. दर बदलत असल्याने आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला आधी घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मान्यतेचा. खाजगी उद्योगात विद्यापीठाची पत आणि उमेदवाराचे काम पाहतात. मात्र भारतात पीएच.डी. करण्याचा किंवा सरकारी सेवेचा विचार असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीस समकक्षता मिळेल का, हे संबंधित संस्थेस आधी लेखी विचारावे आणि लेखी उत्तर जपून ठेवावे. ‘तोंडी सांगितले होते’ हा आधार येथेही चालत नाही. पदवीनंतर पुरेसा अनुभव घेऊन अमेरिकी विषशास्त्र मंडळाची प्रमाणन परीक्षाही देता येते. या क्षेत्रात तिला मोठा मान आहे.

शेवटी लाभ कोणाचा, असे विचाराल. निर्यातदारास परत येणारा माल वाचविता येईल, हे खरेच. पण गोदामात उघड्या हातांनी पोती उपसणारा हमाल, रंगाची पुडी बांधणारा पोरगा आणि आपल्याकडून हळद नेणारी गृहिणी यांच्यापैकी कोणीही माहितीपत्रक वाचणार नाही. ते आपल्या शब्दावर विसंबतात. तो शब्द देताना आकडा ठाऊक असणे, हे पेढीच्या पतीचेच अंग आहे. ज्या घरात हा आकडा शोधू इच्छिणारी व्यक्ती आहे, त्या घराने तिला पहाटेचे दोन तास आणि वहीत एक ओळ द्यावी. अर्ज ती स्वतः भरील.