पार्श्वभूमी आणि कार्यक्षमता

विद्यापीठीय ग्रंथालयांतील सेवकांविषयी काही समजुती आपल्याकडे घट्ट रुजल्या आहेत. वय झालेल्या सेवकाला संगणक जमत नाही, विवाहित स्त्रीचे लक्ष घराकडे असते, पदवी जितकी मोठी तितके काम चोख. पार्श्वभूमीवरून कामाचा अंदाज बांधण्याची ही सवय कितपत समर्थनीय आहे?

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञांनी 1973 साली या प्रश्नाच्या एका अंगाचा विचार मांडला. उमेदवाराची कार्यक्षमता नेमणुकीपूर्वी दिसत नाही, म्हणून मालक पदवीला तिची खूण मानतो. ही खूण नेमणुकीच्या वेळी उपयोगी पडते, हे मान्यच करावयास हवे. परंतु पंधरा वर्षे डोळ्यांसमोर काम केलेल्या माणसालाही तिनेच मोजणे म्हणजे धान्य घरात आल्यावरही वानगीच्या मुठीवरूनच त्याची पारख करीत राहणे होय.

रंगनाथन 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते. ग्रंथपालनाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. प्रारंभी त्यांचे मनही या कामात रमेना. तथापि त्यांना लंडनला शिक्षणासाठी जाता आले आणि परतल्यावर कामात वाव मिळाला. ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत 1931 साली व द्विबिंदू वर्गीकरण 1933 साली प्रसिद्ध झाले. गणिताची शिस्त त्यांच्या कामी आली, हे उघड आहे. पण ती फळाला आली ती संधीमुळे.

साहाय्यक ग्रंथपालपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी सर्वसाधारणपणे 55 टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवीची अट घातली. ती गैर नव्हे. प्रश्न आहे तो खालच्या पायरीवरील परिचराचा. कोणता ग्रंथ कोणत्या फडताळात आहे हे त्याला तोंडपाठ असते; पण तालिकीकरणाच्या वा संगणकाच्या वर्गाला त्याला कोणी पाठवीत नाही. पुढे काम अडले, की दोष मात्र त्याच्या वयाला आणि शिक्षणाला दिला जातो. संधी नाकारायची आणि तिच्या अभावाला स्वभावदोष म्हणायचे, हा न्याय नव्हे. आणि ही काटकसरही नव्हे, कारण हाताशी असलेले ज्ञान त्यात वाया जाते.

वाचकाचा वेळ वाचावा, हा रंगनाथनांचा चौथा सिद्धांत. सेवकाचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावे आणि प्रशिक्षणाच्या तरतुदीतील निश्चित वाटा कनिष्ठ सेवकांसाठी राखून ठेवावा. एवढे केल्यावरच कोणाची पार्श्वभूमी आड येते, हे विचारण्याचा अधिकार विद्यापीठांना प्राप्त होईल.