संगणकाशी गट्टी : एक मात्रा राहिली!

दोस्तांनो, समजा तुम्ही वर्गाच्या वाचनपेटीतल्या पुस्तकांची यादी संगणकात भरली. प्रोग्राम पायथॉनमधला, आणि यादी ‘पुस्तके’ नावाच्या एसक्यूलाइट फाइलमध्ये. (एसक्यूलाइट म्हणजे रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला डेटाबेस. तुमच्या घरच्या मोबाइलमध्येही तो असतो बरं का!)

एके दिवशी घाईत फाइलचं नाव टाइप केलं ‘पुस्तक’. एक मात्रा राहिली, एवढंच! फाइल मुकाट्यानं उघडली. पण यादी मागितली, तर उत्तर आलं, ‘असं टेबलच नाही.’ झालं! पोटात गोळा. आठवडाभराची मेहनत पाण्यात?

घाबरू नका. यादी जागच्या जागी आहे. ‘कनेक्ट’ या आज्ञेची सवयच अशी, की फाइल सापडली तर उघडायची, नाही सापडली तर त्या नावाची कोरी बनवायची. फोल्डरमध्ये पाहा, शून्य बाइटची ‘पुस्तक’ तिथे ऐटीत बसलेली दिसेल!

यावर उपाय सोपा. फाइल कशासाठी उघडतोय, ते आधीच सांगायचं. यालाच ‘मोड’ म्हणतात.

आर-ओ : फक्त वाचा. लिहायला गेलात, तर चक्क नकार.

आर-डब्ल्यू : वाचा आणि लिहा. पण फाइल आधीपासून हवी. नसेल तर चूक दाखवणार.

आर-डब्ल्यू-सी : वाचा, लिहा, आणि फाइल नसेल तर बनवा. काहीच सांगितलं नाही, तर हाच मोड लागतो.

मोड लिहायचा कसा? इंग्रजीत ‘फाइल’ शब्द, कोलन, फाइलचं नाव, प्रश्नचिन्ह, ‘मोड’ शब्द, बरोबरचं चिन्ह आणि शेवटी मोडची अक्षरं, सगळं सलग. शिवाय ‘कनेक्ट’ला ‘यूआरआय बरोबर ट्रू’ हेही सांगा. नाहीतर ही अख्खी ओळच तो फाइलचं नाव समजेल!

तेव्हा पहिल्यांदा फाइल बनवताना आर-डब्ल्यू-सी, रोजच्या नोंदींना आर-डब्ल्यू, आणि नुसती यादी दाखवायची असेल तर आर-ओ. मात्र हा पहारा तेवढ्या कनेक्शनपुरताच हं! दुसऱ्या कुणी फाइलच पुसली, तर मोड काय करणार? म्हणून एक नक्कल वेगळी ठेवाच.

आता एक गंमत करून पाहा. मुद्दाम चुकीचं नाव देऊन तिन्ही मोड वापरा. कोण ओरडतो आणि कोण गुपचूप नवी फाइल बनवतो, ते वहीत टिपून ठेवा. ओरडणाराच आपला खरा मित्र, हे पटेल तुम्हाला!