उघडीप आभाळाची, कोंडी सरकारची



हल्ली गावात जी गाडी येते ती एकच शब्द घेऊन येते : हवामान बदल. साहेब उतरतात, समाजमंदिरात सतरंजी पसरली जाते, पडद्यावर चित्रे दाखवली जातात आणि शेवटी उपदेश होतो, "पाऊस बदलला आहे, तुम्हीही बदला. जुळवून घ्या." चहा पिऊन साहेब जातात. दुसऱ्या दिवशी आपण कृषी केंद्रात जातो. तिथे जुळवून घ्यायला काय मिळते? तेच पाकीट, तोच संकरित कापूस, साडेपाच-सहा महिने रानात उभा राहणारा.

पाऊस बदलला हे खोटे नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. आपल्याला ते रानातच दिसत होते. महिन्याचा पाऊस एका रात्रीत कोसळतो, माती घेऊन नाल्याला जातो आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे. प्रश्न पाऊस बदलला का, हा नाही. बदललेल्या पावसाला तोंड देण्याची मोकळीक शेतकऱ्याच्या हातात ठेवली आहे का, हा आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याचे धरण त्याच्या पायाखाली असते. ढोबळ हिशेब करा. एक फूट काळ्या मातीत पिकाला घेता येईल असे ५०-६० मिलिमीटर पाणी मावते. भरात आलेले पीक दिवसाला ४-५ मिलिमीटर पिते. म्हणजे दहा-बारा दिवसांत टाकी रिकामी. तीन फूट खोलीची टाकी महिनाभराहून जास्त पुरते. उघडीप तीन आठवड्यांची, तीच. पण बांधाच्या अलीकडे पऱ्हाटी डोलते आणि पलीकडच्या बरडावर पात्या-फुलांचा सडा पडतो.

म्हणून हलक्या रानात मुगासारखे झटपट निघणारे पीक, मध्यम जमिनीत ज्वारी-तूर किंवा कमी दिवसांचा कापूस आणि लांब मुदतीचा कापूस फक्त भारी काळीत, एवढे तारतम्य आपल्या आज्यांना पदवीशिवाय होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतही ते आले : सहा तास कापूस, एक तास ज्वारी, दोन तास तूर, एक तास ज्वारी. कापूस बुडाला तर तूर हाती, तूर गेली तर निदान भाकरी आणि बैलाला कडबा. यालाच आता मोठे नाव दिले आहे, 'हवामान अनुकूल शेती'.

हे तारतम्य मोडणाऱ्यांत मीही होतो. २००२ साली मी कृषीची पदवी घेऊन बाहेर पडलो. त्याच वर्षी देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. काही वर्षे एका बियाणे कंपनीची नोकरी केली. गावोगाव सभा घेऊन सांगितले, ज्वारीचे तास काढा, निव्वळ कापूस लावा. जमीन किती खोल आहे, हे एकदाही विचारले नाही. एका सभेत एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "साहेब, दिवाळी झाल्यावर ही पऱ्हाटी पानी कुठून पेईन?" मी हसलो आणि उत्पन्नाचा तक्ता पुढे केला. शेतीशास्त्राचा खरा प्रश्न त्याने विचारला होता. उत्तर माझ्याकडे नव्हते.

आमचे भांडण बीटीशी नाही. नवे तंत्र शेतकऱ्याला हवेच आहे. भांडण हे, की ते संकरित पाकिटातच का बांधले? ब्राझील, ऑस्ट्रेलियाचा शेतकरी सरळ वाण दाट पेरतो. झाडाला थोडी बोंडे, पण ती एकदम फुटतात आणि रान मोकळे होते. आपल्याकडे संकरित बी का? कारण ते घरी राखून चालत नाही, दरवर्षी विकत घ्यावे लागते. लांब मुदतीचे हे पीक ओल संपल्यावर बोंडे भरायला बसते आणि गुलाबी अळीलाही पोसते. २०१७ चा हंगाम कोणी विसरला असेल तर हात वर करा!

बियाण्याची कोंडी फोडली तरी पुढे भावाची आहे. बरडावर ज्वारी घ्या म्हणतात. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. जाहीर झाला, पण माल घेणारा काटा वेळेवर कुठे लागतो? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहे, तरी आपल्या रेशनच्या पिशवीत वर्षानुवर्षे गहू-तांदूळच पडले. आणि कापसाचे काय? १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि पुढे ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. बरोबर आपली वेचणी चालू असताना! आभाळाने निम्मे न्यायचे, उरल्याचा भाव सरकारने पाडायचा, आणि जुळवून आपण घ्यायचे.

तिसरी कोंडी विम्याची. नुकसान मोजतात महसूल मंडळाच्या सरासरीने. भारी काळीवाला पिकला की बरडवाल्याचा शून्य त्यात झाकला जातो. शिवाय उंबरठा उत्पन्न ठरते मागच्या सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवर. दोन वाईट वर्षे वगळली जातात, तिसरे वाईट वर्ष सरासरीत शिरते. म्हणजे आपत्ती जितक्या वाढतील तितका उंबरठा खाली आणि भरपाई दूर. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला आणि स्थानिक आपत्तीचे संरक्षणही काढले. त्याच सप्टेंबरात मराठवाड्याची शिवारे पाण्याखाली गेली.

या जिल्हा बैठकीत तीन मागण्या ठरवू. एक : हलक्या आणि मध्यम जमिनीसाठी कमी दिवसांच्या सरळ वाणांचे बी मे महिन्यात तालुक्याला मिळाले पाहिजे. दोन : ज्वारीची हमीभावाने वेळेवर खरेदी आणि ती रेशनमध्ये; कापसाच्या हंगामात भाव पाडणारी शुल्कमाफी नको. तीन : विम्याचे मोजमाप गावाच्या पातळीवर, हलक्या-भारी जमिनीचे वेगळे, आणि आपत्तीच्या वर्षांनी उंबरठा खाली सरकता कामा नये.

आणि एक काम आपले. पेरणीआधी प्रत्येक वावरात पाच ठिकाणी पहार मारून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. गट नंबर आणि खोली वहीत लिहा. पीक कापणी प्रयोगाला हजर राहा, वजन डोळ्यांनी पाहून त्याच वहीत उतरवा. पुढच्या बैठकीला येताना ती वही आणा. साहेबांच्या पडद्यावरच्या चित्राला आपले उत्तर ती वही असेल.

आभाळाशी जुळवून घेत आपण पिढ्या काढल्या. आता धोरणाने आपल्या मातीशी जुळवून घ्यावे!